पदवीनंतरचा रस्ता : परळच्या डॉक्टरांची एक हकिकत



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा विषय आम्हीच निवडावा अशी त्यांनी मोकळीक दिली. कामगार चळवळीतला माणूस संपावर बोलणार, बोनसवर बोलणार, फार तर गिरण्यांच्या जमिनींवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज डॉक्टरांवर बोलणार आहोत. डॉक्टर होऊ घातलेला तरुण पदवी हाती आल्यावर कोणता रस्ता धरतो, आणि तो रस्ता खरोखर त्याने धरलेला असतो की कोणीतरी त्याला त्यावर आणून सोडलेले असते, एवढाच आजचा विषय. आमचे शिक्षण इयत्ता नववीपर्यंत झाले. पुढचे जे काही आहे ते नगरपालिकेच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत मिळवलेले. तेव्हा वैद्यकशास्त्रातील चूक आढळली तर श्रोत्यांत बसलेल्या डॉक्टरमंडळींनी ती सांभाळून घ्यावी.

विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. करी रोडच्या पुलावरून उतरले की आमच्या युनियनची खोली लागते. गेल्या वर्षी तेथे आमच्या एका जुन्या सभासदाची नात आली. चाळीतली पोर, एम. बी. बी. एस. झालेली. पुढच्या प्रवेशपरीक्षेत तिला बरा क्रमांक मिळाला होता आणि कोणती शाखा घ्यावी हा पेच होता. ती आम्हांस म्हणाली, "काका, तुम्ही इतकी वर्षे दवाखान्यांच्या कामगारांत फिरता. सगळ्या डॉक्टरांना आतून ओळखता. मग मला सांगा, मी काय होऊ?" आम्ही आयुष्यात पुष्कळ सल्ले दिले, पण या प्रश्नाला तोंडावर उत्तर सुचेना. आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचनालय गाठले. त्या आठ दिवसांचे पुढे आठ महिने झाले. आज बोलतो आहोत ते त्यातूनच आलेले आहे.

आपल्या मुंबईत पाश्चात्य वैद्यक शिकवण्याची रीतसर सोय 1845 साली झाली. त्या वर्षी सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही जोडी भायखळ्याला उभी राहिली. पहिली तुकडी 1851 साली बाहेर पडली. आठ जण होते. त्यांना जी. जी. एम. सी. अशी अक्षरे नावापुढे लावता येत. मुंबई विद्यापीठ त्यानंतर सहा वर्षांनी निघाले.

या आठांपुढे तज्ज्ञशाखा निवडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शाखा अशा नव्हत्याच. जो डॉक्टर तो ताप पाही, हाड बसवी, फोड कापी, अडलेली बाळंतीण सोडवी. प्रश्न होता तो चाकरीचा. सरकारात दुय्यम सर्जनाची जागा पत्करायची की गावात स्वतःचा दवाखाना मांडायचा? त्या आठांत भाऊ दाजी लाड होते. गोव्यातील मांद्र्याकडचे हे कुटुंब. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवीत होते. त्यांनी खाजगी व्यवसाय धरला, भाऊ नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला, आणि शिवाय जुने शिलालेख वाचले. त्याच तुकडीतले डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी 1867 साली प्रार्थना समाज स्थापण्यात पुढाकार घेतला. तिसरे जुझे कामिल लिस्बोआ वनस्पतिशास्त्रात रमले. आठांपैकी तीन जण असे की त्यांचे नाव आज निघते ते डॉक्टरकीखेरीज इतर कामांमुळे. डॉक्टर हा गावातला शिकलेला माणूस होता आणि शिकलेल्या माणसाने चार गोष्टींत लक्ष घालावे अशी तेव्हाची समजूत होती. ती समजूत पुढे कोठे गेली, हे आम्हांस या हकिकतीत वारंवार विचारावेसे वाटले.

चाकरीची शिडी मात्र फार वर चढत नसे. वरच्या पायऱ्यांवर इंडियन मेडिकल सर्व्हिसचे लोक बसलेले. ही लष्करी बाण्याची सेवा. तिची परीक्षा 1855 पासून हिंदी उमेदवारांना खुली झाली खरी, पण ती लंडनला! जहाजाचे भाडे आणि विलायतेतला मुक्काम ज्याला परवडेल त्यानेच ती द्यावी. परिणाम असा की सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकाच्या खुर्चीवर गोरा लष्करी डॉक्टर, आणि त्याच्या हाताखाली, पुष्कळदा त्याच्याहून अधिक जाणता असलेला, देशी सहायक. गिरणीत साहेब मॅनेजर आणि काम जाणणारा आपला जॉबर, त्यातलाच हा प्रकार. मुंबईच्या स्वतंत्र डॉक्टरांनी 1883 साली बाँबे मेडिकल युनियन काढली. नावात युनियन हा शब्द आहे म्हणून आम्हांस तिचे विशेष कौतुक. डॉक्टर लोक संघटित होत नाहीत, असे जे म्हणतात त्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

आता परळला येऊ. करी रोडहून भारतमातेवरून चालत निघाले तर अर्ध्या तासाच्या आत के. ई. एम. येते. सातवा एडवर्ड राजा 1910 साली वारला, त्याच्या स्मारकासाठी वर्गणी जमली, आणि शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी मोठी देणगी दिली. पण देणगीला त्यांनी एक अट घातली. येथील प्राध्यापक आणि शिक्षक हे लायक, स्वतंत्र, सरकारी नोकरीत नसलेले हिंदी लोकच असले पाहिजेत. आम्ही पुष्कळ करार वाचले, मालकाशी भांडून पुष्कळ कलमे घालून घेतली. पण इतके थोड्या शब्दांत इतके मोठे काम करणारे कलम आमच्या पाहण्यात नाही. रुग्णालय आणि महाविद्यालय 1926 साली सुरू झाले. त्याच वर्षी ना. म. जोशी यांनी बाँबे टेक्स्टाइल लेबर युनियन काढली, हा योगायोग गिरणगावाने तरी विसरू नये. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. पुढे 1960 साली तेच गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

त्या अटीचा परिणाम काय झाला? परळात शिकणाऱ्या मुलाला प्रथमच दिसू लागले की आपल्यासारखाच माणूस प्राध्यापक होऊ शकतो, शल्यक्रियेचा विभागप्रमुख होऊ शकतो. मुलगा निवड करतो ती डोळ्यांपुढे जे दिसते त्यातून. जे कधी दिसलेच नाही ते तो निवडणार कसे? आमच्या मते एवढ्या एका अटीने जितके तज्ज्ञ घडवले तितके दहा शिष्यवृत्त्यांनी घडले नसतील.

याच महाविद्यालयातून सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस बाहेर पडले. पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या मार्गावर असताना चीनला वैद्यकीय पथक जाणार असल्याची वार्ता आली. राष्ट्रीय सभेच्या वतीने 1938 साली पाच डॉक्टर निघाले, त्यांत हे एक, आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दुसरे महाराष्ट्रीय. बाकीचे कालांतराने परतले. कोटणीस तेथेच राहिले, लढाईतल्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच वारले. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर बोलपट काढला. परळच्या कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरची कथा परळच्याच राजकमलने देशभर नेली. आमच्या वडिलांच्या पिढीला कोटणीस माहीत होते ते त्या बोलपटामुळे. पण आम्हांस त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांच्यापुढे पुढच्या पदवीचा सरळ रस्ता होता, आणि तो त्यांनी अर्ज करून सोडला. अर्ज करून सोडला, हे शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. लोक समजतात की अशी माणसे एखाद्या लाटेत वाहून जातात. तसे नसते.

स्त्रियांची कथा निराळी. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला पदवी घेतली. प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक ठरली होती. पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. मुंबईच्या रखमाबाईंनी लग्नाचा तो गाजलेला खटला सोसून विलायतेत शिक्षण घेतले, 1894 साली पदवी मिळवली, आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत उभे आयुष्य काढले. मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय 1886 साली उघडले ते स्त्री डॉक्टरांच्या हाती द्यावे या हेतूने. ग्रँट महाविद्यालयाने स्त्रियांना दार उघडले 1883 साली. ते दार उघडले, पण आतली खोली एकच दाखवली. स्त्री डॉक्टर म्हणजे बाळंतपणाची डॉक्टरीण. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा घरात मरण पत्करणाऱ्या बायका होत्या, तेव्हा ही गरज खरी होती यात वाद नाही. पण एका पिढीची गरज ही पुढच्या पिढ्यांची चाकोरी झाली. शंभर वर्षांनीही चाळीतली मुलगी डॉक्टर झाली की शेजारीण विचारते, "म्हणजे बाळंतपणं करणार ना?" ती नात आमच्याकडे आली तेव्हा तिच्या आजीचेही हेच म्हणणे होते. वास्तविक त्या आजीची चारही बाळंतपणे परळच्या वाडिया प्रसूतिगृहात झालेली. तिला दुसरे कोणते डॉक्टर ठाऊक असणार?

आता डॉक्टरांतल्या जातिभेदाबद्दल. जातिभेद म्हणजे पदव्यांचा. एका बाजूला विद्यापीठाचे पदवीधर आणि दुसऱ्या बाजूला लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले. मुंबईत 1912 साली निघालेले कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स एल. सी. पी. एस. ही पदविका देई. असहकाराच्या लाटेत 1921 साली डॉ. नायर आदींच्या प्रयत्नाने नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले. तेथील विद्यार्थी प्रथम हीच परीक्षा देत. 1946 साली टोपीवाल्यांच्या देणगीनंतर तेथे एम. बी. बी. एस. सुरू झाले. गिरणगावात, आणि कोकणातल्या बाजारपेठांतही, ज्यांनी खरी डॉक्टरकी केली ते बहुतेक हे एल. सी. पी. एस. वाले. भोर समितीने 1946 साली मोजदाद दिली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले डॉक्टर सुमारे 47,500. त्यांपैकी जवळजवळ 30,000 लायसेन्शिएट आणि 17,600 च्या आसपास पदवीधर. समितीने शिफारस केली की हा दुहेरी प्रकार बंद करावा आणि एकच प्रकारचा, समाजाचे आरोग्य जाणणारा मूलभूत डॉक्टर तयार करावा. समितीतल्या काही सभासदांनी भिन्नमत नोंदवून लायसेन्शिएटांची गरज अजून आहे, असे बजावले. ते ऐकले गेले नाही.

यात कोण बरोबर होते? आम्ही तीस वर्षे समान काम, समान दाम म्हणत आलो. त्यामुळे दोन प्रतींचे डॉक्टर असावेत असे आमच्या तोंडून निघणे कठीण. पण घडले ते असे की मूलभूत डॉक्टर हा शेवटचा मुक्काम असावा असे समितीने योजले होते, आणि प्रत्यक्षात तो रस्त्यातला एक थांबा झाला. ज्याला त्याला पुढची गाडी पकडायची. खालची पायरी काढून टाकली म्हणजे सगळे वरच्या पायरीवर समाधानाने बसतील, ही अपेक्षा कोणत्याही कारखान्यात पुरी झालेली नाही.

तरीही गिरणगावात साधा डॉक्टर आणखी तीस वर्षे टिकला. तो टिकला एका कायद्यामुळे. कामगार राज्य विमा कायदा 1948 साली झाला, आणि 1954 साली योजना मुंबईत आली. मुंबईत पॅनेलची पद्धत स्वीकारली गेली. खाजगी डॉक्टरने नाव नोंदवायचे, कामगाराने आपला डॉक्टर निवडायचा, आणि विमा योजनेने त्या डॉक्टरला दर माणशी ठरावीक रक्कम द्यायची. झाले! एम. बी. बी. एस. होऊन लालबागला किंवा डिलाइल रोडला दवाखाना मांडणाऱ्या तरुणाला पहिल्या दिवसापासून भाड्यापुरती निश्चित प्राप्ती झाली. त्याला पुढची पदवी घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे राहिले नाही. तरुणांनी खेड्यात जावे, गरिबांत राहावे अशी भाषणे तेव्हाही होत. पण भाषणांनी जितके डॉक्टर गरिबांत आणले त्याच्या कितीतरी पट या दरमाणशी रकमेने आणले.

आमच्या चाळीखाली असा एक पॅनेल डॉक्टर होता. दरवाजावर हिरवी पाटी, आत लाकडी बाक, कंपाउंडर रंगीत मिक्श्चरच्या बाटलीवर कागदाची नक्षीदार पट्टी डकवी. डॉक्टर वयस्कर, एल. सी. पी. एस., धोतर सोडून पाटलोण घालू लागलेल्या पिढीतले. ते महात्मा होते असे नव्हे. तापाला सुई, खोकल्याला सुई, आणि कोणी फारच हट्ट धरला तर नुसत्या हट्टालाही सुई. आजारपणाच्या दाखल्यांत त्यांचा हात जरा सैल असे, विशेषतः शिमगा-गणपतीला. पण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "कोणत्या खात्यात?" मागखाते म्हटले की ते कान तपासत. कार्डखाते म्हटले की छातीला नळी लावत आणि विचारत, "सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त होते का?"

हा प्रश्न किती मोलाचा होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. आमचे वडील कार्डखात्यात होते. कापसाची पिंजण तेथे होते, आणि हवेत धूळ एवढी की दिव्याभोवती कडे दिसे. वडिलांची छाती सुट्टीनंतर कामावर गेले की आवळे, आठवडा सरत आला की जरा मोकळी होई. पुढे बारा महिने आवळलेलीच राहिली. हा बिसिनोसिस. लँकेशायरच्या गिरण्यांत इंग्रज डॉक्टरांनी तो पूर्वीच टिपला होता, आणि आपल्याकडे तो विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या, भरपाई मिळणाऱ्या रोगांत होता. चाळीखालचे डॉक्टर वारल्यावर वडिलांना एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे तीन निरनिराळ्या विभागांतल्या तज्ज्ञांनी त्यांना तपासले. यंत्रे उत्तम, मुले हुशार, वागणूकही वाईट नव्हे. कागदावर लिहिले, धूम्रपानाचा खोकला. वडिलांनी जन्मात विडी ओढली नव्हती. ते तंबाखू खात. खाते कोणते, हे तिघांपैकी एकानेही विचारले नाही. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले की रोग्याला त्याचा धंदाही विचारा. तीनशे वर्षांपूर्वीचा उपदेश आमच्या चाळीखालच्या सुईवाल्या डॉक्टरला ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण तो प्रश्न त्याला गिऱ्हाइकांनी शिकवला होता. भरपाईचा अर्ज आम्ही केलाच नाही. तो करता येतो हे कळेपर्यंत वडील गेले होते.

पॅनेल डॉक्टरांच्याच जातीचा एक माणूस साऱ्या हिंदुस्थानला माहीत आहे. डॉ. दत्ता सामंत. मूळचे मालवणजवळच्या देवबागचे, शिकले याच गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात, आणि दवाखाना मांडला घाटकोपरला. तेथे खाणीतले, दगड फोडणारे मजूर औषधाला येत. त्यांच्या अंगावरच्या जखमांना मलमपट्टी करता करता ते मालकाच्या दारापर्यंत पोचले. पुढचे सर्वश्रुत आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार, 1984 साली लोकसभा, आणि 16 जानेवारी 1997 रोजी भररस्त्यात झालेला खून. त्यांच्या लढ्याच्या पद्धतीबद्दल आमचे मतभेद होते आणि आहेत. आमच्या घराने त्या संपाची किंमत मोजली आहे, आमची शाळा त्याच वर्षांत सुटली. पण आजच्या विषयापुरते बोलायचे तर, पदवीनंतर डॉक्टरने कोणती शाखा निवडावी याचे इतके चमत्कारिक उत्तर दुसऱ्या कोणी दिले नाही. कामगारांत त्यांना शेवटपर्यंत सगळे डॉक्टरच म्हणत.

तज्ज्ञतेची ओढ एकदम लागली नाही. परळच्या आसपास एकेक संस्था उभी राहत गेली, तशी ती वाढली. हाफकिन संस्था जुन्या गव्हर्नमेंट हाउसात होतीच. बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय 1929 साली आले, कर्करोगाचे टाटा रुग्णालय 1941 साली. मग 16 फेब्रुवारी 1968 चा दिवस उजाडला. दक्षिण आफ्रिकेत बर्नार्डने माणसाच्या हृदयाचे पहिले रोपण केल्याला अडीच महिनेही झाले नव्हते, तोच के. ई. एम. मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते केले. रोगी काही तासांतच गेला. तरी परळचे नाव जगात गाजले. विद्यार्थ्यांच्या मनावर याचा काय ठसा उमटला असेल ते सांगायला नको. नगरपालिकेच्या रुग्णालयात, गिरणी कामगारांच्या वॉर्डाला लागून, जगात मोजक्याच ठिकाणी झालेली गोष्ट घडली! त्यानंतर कोणाला लालबागला हिरव्या पाटीचा दवाखाना मांडावासा वाटेल?

दुसरी वाट समुद्रापलीकडे जाणारी. इंग्लंडात 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा निघाली, तिला डॉक्टर कमी पडू लागले, आणि आपले पदवीधर तेथे गेले. त्यांना मिळाले काय? इंग्रज डॉक्टर ज्या शाखांकडे पाहत नसत त्या, म्हणजे म्हाताऱ्यांचे रोग, मनोरुग्णालये, आणि कोळशाच्या खाणींच्या व गिरण्यांच्या गावांतले दवाखाने. हिंदुस्थानातील गिरणगावे टाळून गेलेला डॉक्टर लँकेशायरच्या गिरणगावात जाऊन बसला, आणि तेथल्या कापूसधुळीच्या छातीवर नळी लावू लागला. हसावे की रडावे? आपल्या पदव्यांची तेथली सरसकट मान्यता 1975 साली संपली. तोवर अमेरिकेचे दार 1965 च्या कायद्याने उघडले होते.

सगळेच गेले असे मात्र नाही. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे अमेरिकेत शिकून परत आले आणि 1970 साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला बसले. गावच्या निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्याचे काम शिकवले. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडच्या सरकारी दवाखान्यात गेले. तेथे लाल विंचू चावून माणसे मरत. प्राझोसिन नावाचे रक्तदाबाचे औषध त्यावर चालते हे त्यांनी दाखवले आणि ते लॅन्सेटमध्ये छापून आले. आमच्या कोकणातल्या आजोळी विंचवाने दोन माणसे गेलेली आम्हांस आठवतात, म्हणून हे नाव घेताना आम्ही जरा थांबतो. विंचवाची अशी कोणती शाखा विद्यापीठात नव्हती. जेथे रोगी होता तेथे डॉक्टर जाऊन बसला, म्हणून ती निघाली.

कापसाच्या धुळीचेही काहीसे तसेच झाले. नव्वदीच्या दशकात मुंबईत काही डॉक्टर आणि काही कामगार कार्यकर्ते एकत्र आले, गिरणीतल्या माणसांच्या छात्या मोजल्या, आणि विमा मंडळापुढे बिसिनोसिसचे दावे उभे केले. पण तोवर भोंगे बंद होत आले होते. गिरण्या बुडाल्या तशी पॅनेलची यादी आटली, आणि यादी आटली तसा पाटीवाला डॉक्टरही उठला. आमच्या चाळीखालच्या त्या गाळ्यात आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे.

आता आजची पद्धत पाहू. पूर्वी महाविद्यालयातले गुण आणि हाउसमन म्हणून केलेले काम यांवर पुढची जागा मिळे; त्यात वशिल्याला जागा होती हे कबूल. आता साऱ्या देशाची एक परीक्षा, नीट-पीजी, आणि तिच्या क्रमांकाप्रमाणे शाखा. वरचे क्रमांक क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, अंतर्गत वैद्यक असे उचलतात. शरीररचना, शरीरक्रिया यांसारख्या शिकवण्याच्या शाखांच्या जागा रिकाम्या राहतात. त्या भराव्यात म्हणून 2023 साली पात्रतेची रेषा शून्य शततमकावर आणावी लागली. मुलांना दोष देणे सोपे आहे. पण हिशेब मांडून पाहा. पाच-साडेपाच वर्षे पदवी, मग महाराष्ट्र सरकारचे एक वर्षाचे बंधन, ते न पाळल्यास पूर्वी दहा लाख रुपये दंड असे, पदव्युत्तराला पन्नास लाख, त्यापुढच्याला दोन कोटी. मध्ये तीन वर्षे निवासी डॉक्टर म्हणून राबायचे. केंद्राच्या 1992 च्या योजनेत त्यांचे तास बांधून दिले आहेत, आठवड्याला 48. ते पाळले जातात असे आम्ही एकाही वॉर्डात पाहिले नाही. आम्ही सफाई कामगारांच्या हजेऱ्या तपासायला रात्री रुग्णालयांत जातो. कामगाराची पाळी बदलते, निवासी डॉक्टर तोच असतो. धुळ्यातल्या मारहाणीनंतर 2017 च्या मार्चमध्ये आणि कलकत्त्यातल्या घटनेनंतर 2024 च्या ऑगस्टमध्ये ही मुले कामावरून उतरली, तेव्हा सभ्य माणसांनी त्यांना नीती शिकवली. आम्ही त्यांच्या मंडपात जाऊन बसलो होतो. त्यांच्या मागण्या पाहून आम्हांस 1926 च्या गिरणी कामगारांच्या मागण्या आठवल्या : कामाचे तास, झोपायला जागा, अंगावर हात टाकू नये.

अशा वर्षांतून निघालेल्या माणसाने क्ष-किरणांची बंद खोली मागितली, जेथे रात्री कोणी उठवणार नाही आणि नातेवाईक कॉलर धरणार नाहीत, तर त्याला लोभी म्हणणे आम्हांस जमत नाही. पॅनेलच्या दरमाणशी रकमेसारखे काही त्याच्यापुढे आज ठेवलेले नाही. विमा योजना आहे, पगाराची मर्यादा 2017 पासून 21,000 रुपये आहे. पण ठेक्यावरचा कामगार आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या ठेकेदाराकडे. त्याच्या नावाची एकच यादी धरून कोणी दवाखाना मांडू शकत नाही.

ती नात पुन्हा आली तेव्हा आम्ही तिला यातले पुष्कळसे सांगितले. तिने शांतपणे ऐकले. मग स्वतःचा हिशेब मांडला. तिच्या क्रमांकाला क्ष-किरण मिळत होते ते खाजगी महाविद्यालयात, आणि त्याची फी ऐकून तिचे वडील खोलीबाहेर जाऊन उभे राहिले. सरकारी जागेत दोनच गोष्टी पदरात पडत होत्या : समाजवैद्यक, नाहीतर भूलशास्त्र. आमचा ओढा समाजवैद्यकाकडे होता आणि तो आम्ही लपवला नाही. ती म्हणाली, "काका, तिथे नोकरी मिळाली तर मिळाली. भूल देणाऱ्याला निदान दवाखाना विकत घ्यावा लागत नाही. बॅग उचलायची आणि जिथे बोलावतील तिथे जायचे. केसप्रमाणे पैसे."

"म्हणजे बदली कामगार," आम्ही म्हणालो.

तिच्या आजोबांनी आयुष्याची पहिली सहा वर्षे गिरणीच्या दारावर बदलीचा पास घेऊन काढली होती. सकाळी उभे राहायचे, कोणी गैरहजर असला तर आत, नाहीतर परत घरी. तिला ते ठाऊक होते. ती हसली. मग तिने विचारले, "त्यांना प्रॉव्हिडंट फंड लागला तो कितव्या वर्षी?"

आम्ही कपाटातून जुनी फाइल काढून साल पाहिले आणि सांगितले. तिने ते फोनवर टिपून घेतले, आणि संध्याकाळी पाचच्या आत भूलशास्त्राचा अर्ज भरला.